पंचफुलामावशीची बाडी

पंचफुलामावशी कोणाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नसे. आमच्याकडे उठता उठता सगळे तेच म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘जातो’ असतो, हे लहान लेकरालाही कळतं. मावशी मात्र काही न बोलता उठायची, चप्पल घालायची आणि चालू लागायची. नवीन माणसाला वाटायचं, बाई रागावून गेली. मी लग्न होऊन नवेगावला तिच्या शेजारी आले तेव्हा मलाही तसंच वाटलं. मला माणसांत बोलायला जमत नाही, त्यामुळे दोन महिने मी मनातच कुढत राहिले. शेवटी एकदा भीत भीत विचारलं, मावशी, माझं काही चुकलं का. ती म्हणाली, “येतो म्हटलं का मंग या लागते. उद्या मले धानाच्या रोवन्यावर जाचं आहे. कायले म्हनू?”

तिचं सगळं असंच होतं. तोंडातून निघालेला शब्द तिला घरात आणून बांधलेल्या गाईसारखा वाटायचा, त्याला रोज चारा-पाणी करायलाच हवं. म्हणून ती शब्द काढायचीच कमी. लग्नाचं आमंत्रण द्यायला कोणी आलं की पत्रिका हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहायची. लोक म्हणायचे, अवो, हो म्हणून टाका, कोण मोजायला येते. ती म्हणायची, पाहतो. आणि एकदा हो म्हटलं तर मग पूर असो, ताप असो, ती पहिल्या पंगतीला हजर.

आमच्या ओळीतलं बोरिंग बिघडलं होतं. ग्रामपंचायतीत कोणी लक्ष देईना. मावशी तिथे गेली आणि सरपंचाला म्हणाली, बोरिंग सुधरल्याशिवाय तुमच्या पायरीवर चढाची नाही. सरपंच हसला. त्यानंतर दीड वर्ष ती पायरीखाली उन्हात उभी राहून काम करून घ्यायची. सही करायची असली तर ग्रामसेवक रजिस्टर घेऊन खाली उतरायचा. सव्वीस जानेवारीला सगळ्यांना वर बोलावून बुंदी वाटली, तेव्हा तिची बुंदी कागदात बांधून खाली आणून द्यावी लागली. शेवटी रजिस्टर खाली नेण्याच्या त्या रोजच्या कामाला कंटाळूनच बोरिंग दुरुस्त झालं असेल. ज्या दिवशी पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी पायऱ्या चढून वर गेली, खुर्चीवर बसली, ग्लासभर पाणी प्यायली आणि उठली. काय काम होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, “काई नाही. म्हटलं होतं.”

दुसरी गोष्ट कौसाबाईची. कौसाबाई तिच्या पलीकडच्या बाजूला राहायची. तिच्या कोंबड्यांनी मावशीच्या वाळत घातलेल्या वड्या खाल्ल्या, त्यावरून दोघींचं भांडण झालं आणि मावशी म्हणून बसली, तुह्या अंगनात पाय ठेवाची नाही. पुढे कौसाबाईला टायफॉइड झाला. घरची माणसं दिवसभर धानाच्या बांधीत. मावशीने माझ्या घरच्यांना सांगून कौसाबाईची खाट कुंपणाच्या भिंतीला लावून घेतली. आपल्या बाजूने पालथ्या घमेल्यावर उभी राहायची आणि भिंतीवरून वाकून तिला पेज भरवायची. सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. कौसाबाईच्या अंगात बोलण्याएवढं बळ आलं तेव्हा ती म्हणाली, बाई, दोन पावलं फिरून दारातून आली असती, मी काय कोणाला सांगणार होती? मावशी म्हणाली, “मले तर मालूम राहिलं असतं ना.”

या गोष्टी सांगून आम्ही बायका खूप हसायचो. पण तिच्या एका शब्दावर आम्हाला कधी हसता आलं नाही.

मावशीला एकच मुलगी, सरिता. बारावी झालेली, आईसारखीच उंच आणि आईसारखीच कमी बोलणारी. तिने आपल्या मनाने लग्न केलं, मुलगा जातीचा नव्हता, आणि दोघं गाव सोडून गेली. कोणी म्हणायचं सुरतेला आहेत, कोणी म्हणायचं पुण्याला. मुलाच्या घरचेही पुढे गाव सोडून गेले, त्यामुळे विचारायला जागा उरली नाही. मावशीच्या नवऱ्याला, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, छातीचा आजार होता. त्या वर्षी ते खाटेवरून उठलेच नाहीत. शेवटच्या दिवशी मी औषधाचं पाणी घेऊन तिथेच उभी होते. त्यांनी मावशीचा हात धरला आणि म्हणाले, तिच्याशी बोलाचं नाही, तिले चिठ्ठी लिवाची नाही, तिच्या दारी जाचं नाही, म्हन. मला वाटलं, ही नाही म्हणेल. काकाजींचा श्वास वर चढला होता, डोळे तिच्याकडेच. शेवटी ती एक एक करून तिन्ही वाक्यं बोलली.

तेरवीला सरिता आली. कुठून कळलं कोण जाणे. पंगत बसली होती, मी वाढत होते. ती दारात उभी राहिली. मावशी आत बसली होती, तिने पाहिलं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. सरिताने दोनदा हाक मारली. मग म्हणाली, “माय, आता तू बोलावशील तवाच येईन.” आणि गेली. मी वरणाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिले. मला तेव्हा एवढंच वाटलं की मुलगी आईवरच गेली आहे, आता काही होणार नाही.

मावशी एकटी पडली. अर्जुनीला तिचा पुतण्या विलास राहायचा. त्याने नवीन सिम टाकून आपला जुना मोबाईल तिला आणून दिला. काकाजींचा नंबर बंद झाला होता आणि सरिताजवळ असला तर तोच एक असणार. त्या मोबाईलमध्ये विलासने तिचा वेळ जावा म्हणून एक खेळही टाकून दिला. खेळाचं नाव ‘हरी बाडी’. प्रत्येकाला एक बाडी मिळते, म्हणजे लहानसा मळा, आठ ओळी आणि ओळीत आठ चौकोन. त्यात धान, मोहरी, वांगी जे पाहिजे ते पेरायचं. रोज पाणी द्यायचं, नाही तर वाळून जातं. दुसऱ्या लोकांच्या बाड्या शेजारी असतात. आपण त्यांच्या बाडीत जाऊन पाणी देऊ शकतो, पिकलेलं कापून देऊ शकतो, धान्य ज्याचं त्याच्याच कोठीत जातं. फाटकावर पाटी असते, तिच्यावर निरोप लिहिता येतो. विलासने मावशीच्या बाडीला नाव दिलं, ‘पंचफुला नवेगाव’.

मावशी आधी त्या खेळाला हसली. चिखलात पाय न घालता धान कसा होते म्हणाली. पण आठ दिवसांत तिला त्याचा असा नाद लागला की खेळ उघडायच्या आधी हातपाय धुऊन बसायची, चप्पल बाजूला काढून ठेवायची. तिच्यामुळे मीही माझ्या मोबाईलमध्ये घेतला. मला तो आवडायचा कारण तिथे बोलावं लागत नव्हतं. दुसऱ्याच्या बाडीत जाऊन पाणी घालायचं आणि निघून यायचं. ज्याने घातलं त्याचं नाव त्याला दिसतं, तेवढं पुरे.

बाडीतून निघताना खेळात एक बटण यायचं, ‘कल फिर आऊँगा’. सगळे ते दाबून निघायचे. मावशीने ते कधी दाबलं नाही.

हळूहळू आमचा बायकांचा एक गट झाला. कोणी तिरोड्याची, कोणी देवरीची. गोंदियाजवळच्या फुलचूरची नलू म्हणून एक होती, ब्लाउज शिवायची, अर्धी हिंदी बोलायची, आणि गटात सगळ्यात जास्त तीच बोलायची. मावशीला ती काकी म्हणायची आणि दर दोन दिवसांनी फोन करायची. मावशीने गटाला एकच नियम घालून दिला होता. पिकलेला दाणा उभा ठेवायचा नाही, ज्याच्या नजरेला पहिले पडेल त्याने कापून द्यायचा, विचारत बसायचं नाही. कोणी आजारी पडली, कोणाकडे लग्न निघालं, तरी आमच्या गटात कधी कोणाचं पीक वाया गेलं नाही. नलू म्हणायची, “काकी, आपल्या गावात सचमुच असं होते का?” मावशी म्हणायची, होत होतं.

मावशीच्या बाडीत रोज सकाळी सात वाजता कोणीतरी ‘गुलमोहर’ नावाचं येऊन पाणी देऊन जायचं. ते आमच्या गटात नव्हतं. पाटीवर कधी एक अक्षर लिहिलं नाही. मी एक दिवस मावशीला विचारलं, हे गुलमोहर कोण. तिने त्या गुलमोहरची बाडी उघडून दाखवली. बाडीच्या चारही बाजूंनी बांध होता आणि त्या बांधावर तूर लावलेली होती. खेळात सगळे बांधावर फुलं लावतात, कारण फुलांचे जास्त तारे मिळतात. तूर लावून काही मिळत नाही.

“धुऱ्यावर तूर कोन लावते?” मावशी म्हणाली. “आपल्या इकडचंच मानूस लावते. आन आपल्या इकडच्या मानसाले माह्या बाडीत रोज पानी टाकाले कोन सांगितलं?”

मग मला कळलं. पंचफुला हे नाव आणि नवेगाव हे गाव वाचून पोरीने आई ओळखली होती. मी म्हटलं, मावशी, पाटीवर लिहा ना काही. ती म्हणाली, लिवनार नाही म्हटलं आहे. पण त्या दिवसापासून मी पाहिलं, मावशीही सकाळी सव्वासातला गुलमोहरच्या बाडीत जायची आणि पाणी देऊन यायची. बोलायचं नाही, लिहायचं नाही, दारी जायचं नाही, हे तिने म्हटलं होतं. पाणी द्यायचं नाही असं म्हटलं नव्हतं. दोन वर्षं असं चाललं. एखाद्या दिवशी गुलमोहर आठला आली तर मावशी सातपासून मोबाईल समोर ठेवून बसलेली असायची, चूल पेटवायची नाही. एकदा सलग नऊ दिवस गुलमोहर आली नाही. मावशीने जेवण सोडलं नाही, पण वाळली. दहाव्या दिवशी पाणी पडलं तेव्हा ती उठून माझ्याकडे आली आणि नुसती पाच मिनिटं बसून गेली.

खेळ बंद होणार ही बातमी मीच तिला वाचून दाखवली. ती दुसरी शिकलेली, मी चौथी, त्यामुळे लांब मजकूर असला की माझ्याकडे यायची. पडद्यावर लाल पट्टी आली होती. हिंदीत लिहिलं होतं की आजपासून सोळा दिवसांनी दुपारी बारा वाजता ‘हरी बाडी’ बंद होत आहे, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल धन्यवाद.

मावशीने विचारलं, “बंद म्हनजे? पडीक ठेवतीन?”

मी म्हटलं, पडीक नाही मावशी. जागाच राहणार नाही.

“मंग लोकं कुठं जातीन?”

मी ती पट्टी पुन्हा एकदा वरपासून वाचली.

नलूने तर रडून गोंधळ केला. तिने गटातल्या सगळ्यांकडून कंपनीला अर्ज लिहून घेतले, हमको और थोड़ा समय दो, म्हणून. माझाही एक गेला. सगळ्यांना एकच उत्तर आलं, आपके सुझाव के लिए धन्यवाद. देवरीची बाई दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही, म्हणाली डोळ्यांनी पाहवत नाही. तिरोड्याच्या बाईने खेळातल्या आपल्या गाई सगळ्यांना वाटून टाकल्या, जशा काही त्यांना आमच्याकडे बरं राहायला मिळणार होतं. नलूने आपल्या बाडीचा फोटो मोठा करून आणला आणि शिलाई मशीनच्या वर लावला. मग तिने सगळ्यांना सांगितलं की उभ्या पिकात बाडी बंद होऊ द्यायची नाही. काकीचा नियम आहे. शेवटच्या दिवसापर्यंत ज्याला जिथे पिकलेलं दिसेल त्याने कापून कोठीत भरायचं. आम्ही सगळ्या त्या कामाला लागलो. हातात दुसरं काही नव्हतं, निदान हे होतं.

मावशी मात्र चार दिवस या कामात नव्हती. घरातली कामं करायची, दुपारी दारापुढच्या छपरीत बसून राहायची. मी तिला एकदा म्हटलं, मावशी, तुम्ही नका लिहू. मी माझ्या नावाने त्या पाटीवर तुमचा नंबर लिहिते. ती म्हणाली, “माह्यासाठी तू लिवलं तर ते माहंच लिवनं झालं. नोको लिवू. म्हन, लिवाची नाही.” मी म्हटलं, नाही लिहिणार. तिच्याइतका विचार मी केला नाही, पटकन म्हणून गेले.

पाचव्या दिवशी तिने आपली सगळी बाडी कापून मोकळी केली आणि मोहरी पेरली. आम्हाला वाटलं, हौस भागवून घेत आहे. पण मोहरी सगळीकडे नव्हती. काही चौकोनात होती, काही रिकामे. दोन दिवसांनी मोहरी पिवळी झाली, मग तिने कापून पुन्हा पेरली. पुन्हा तशीच इथे तिथे. मला वाटलं, म्हातारीला दिसत नाही नीट, नाही तर बियाणं संपलं. खेळात बाडी तिरपी दिसते, एका कोपऱ्यावर उभी केल्यासारखी, त्यामुळे माझ्या काही लक्षात आलं नाही. मध्ये एकदा नलूचा फोन आला होता, काकीची मोहरी पकली होती, मी कापून टाकली म्हणून. मी म्हटलं, बरं केलं.

तेराव्या दिवशी सकाळी सहा वाजता मी माझी बाडी उघडली, मग मावशीच्या बाडीत गेले. मोहरी पिकून उभी होती. मी कापली. एक एक चौकोन दाबून सगळी कापली, कोठीत भरली आणि बाडी स्वच्छ केली. मला बरं वाटलं. मी तांदूळ निवडायचे सोडून मुद्दाम तिच्याकडे सांगायला गेले. ती सुपात तांदळाची कनकी पाखडत होती.

मी म्हटलं, “मावशी, तुमची मोहरी कापून दिली मी.”

सूप थांबलं. तिने विचारलं, “कवा?”

“आत्ता. सहाला.”

“सात नाही वाजले आजून,” ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं. कनकी सांडली तिकडे तिने पाहिलं नाही. म्हणाली, “आकडे होते ते.”

मग तिने मला सांगितलं. तिच्या मोबाईलचा नंबर दहा आकड्यांचा. एका बाडीत दोन आकडे मावायचे. हिरव्या जमिनीवर हिरवी रोपं ओळखू येत नाहीत, आकडा पिवळा झाल्यावरच दिसायचा, आणि पेरल्यापासून पिवळं व्हायला दोन दिवस. म्हणजे दहा दिवसांत पूर्ण नंबर. पेरणं म्हणजे बोलणं नाही आणि लिहिणंही नाही, असं तिने चार दिवस विचार करून ठरवलं होतं. सरिता लहान असताना पाटी नव्हती, तेव्हा मावशीने अंगणात लाखोरी कडधान्याचे दाणे मांडून तिला अंक शिकवले होते. दाण्यांचा एक, दाण्यांचे दोन. “तिरपं असो का उलटं, तिले दिसते,” मावशी म्हणाली.

पहिले दोन आकडे सरिताने पाहिले, सकाळी येऊन पाणी देऊन गेली. पुढचे दोन नलूने सातच्या आधी कापले. मावशीने कोणाला काही न म्हणता ते पुन्हा पेरले, त्यात दोन दिवस गेले. त्याच्या पुढचे दोन मी कापले. आता तीन दिवस उरले होते. तेच दोन पुन्हा पेरायला दोन दिवस. शेवटच्या चार आकड्यांना दिवसच नव्हते.

मी म्हटलं, मावशी, आम्हाला सांगायचं तरी. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुमच्यातल्या कोनीतरी लिवलं असतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुमचं काई चुकलं नाही. पिकलं का कापा, मीनंच सांगितलं होतं.”

तिने मला एवढं म्हटलं, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी येऊन नलूला फोन केला. मी स्वतःहून कोणाला फोन केला असा तो पहिलाच. काकीच्या बाडीला कोणी हात लावायचा नाही, एवढंच नीट सांगितलं, कारण विचारू नको म्हटलं. नलूने हो म्हटलं. मग म्हणाली, “दीदी, वो दिन मैंने काटा था ना, उसका कुछ हुआ क्या?” मी म्हटलं, नाही गं, काही नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी ते दोन आकडे पिवळे झाले. गुलमोहर आली, पाणी देऊन गेली. सहा आकडे झाले. विलास आला होता, त्याला मावशीने नाही, मी हळूच विचारलं, सहा आकडे माहीत असले तर फोन लागतो का. तो म्हणाला, काकू, चार आकडे बाकी म्हणजे दहा हजार नंबर होतात, कोण लावत बसेल. मी ते मावशीला सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी मी दहा वाजताच तिच्या छपरीत जाऊन बसले. मोबाईल तिने चार्जिंगला लावून पाटावर ठेवला होता. बाडीत नवीन पेरलेली मोहरी नुसती हिरवी ठिपक्यांएवढी उगवली होती. कोणी पाहुणं बाडीत आलं की खेळात टोपी घातलेलं एक लहान माणूस फाटकाजवळ दिसतं. त्या दिवशी गुलमोहरचं माणूस सातला आलं होतं ते गेलंच नव्हतं. पाणी देऊन झालं होतं तरी उभं होतं. मध्येच रिकाम्या चौकोनात जाऊन पाणी द्यायचं, जिथे काही पेरलेलं नव्हतं तिथे, आणि पुन्हा फाटकाशी येऊन थांबायचं. पाटी कोरी होती. मावशी पडद्याकडे पाहत होती, हात मांडीवर. साडेअकरा झाले. माझं बोट आपोआप त्या पाटीकडे गेलं. मावशी म्हणाली, “तू म्हटलं आहे.” मी हात मागे घेतला.

बाराला पाच मिनिटं कमी असताना ते माणूस मोहरीच्या ठिपक्यांजवळ गेलं आणि तिथेच उभं राहिलं. मग पडदा पांढरा झाला. धन्यवादाची एक ओळ आली आणि तीही गेली. मावशीने थोडा वेळ वाट पाहिली, मग चार्जरची वायर काढली, गुंडाळली, खुंटीला लावली.

मी तिला विचारलं, मावशी, समजा तिने सहा आकड्यांवरून शोधून काढलं. समजा फोन आला. तुम्ही बोलणार का?

“बोलाची नाही,” ती म्हणाली. “आयकीन. आयकनार नाही असं मीनं कुठं म्हटलं होतं?”

त्यानंतर तिने मोबाईल कधी अंगावेगळा केला नाही. धान कापायला गेली तरी कमरेला कापडी पिशवीत बांधलेला. अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलायची, कानाला लावायची आणि एक शब्द न बोलता ऐकत राहायची. बहुतेक जाहिराती असायच्या. रिचार्ज संपत आलंय, लोन घ्या, अशी कोणी बाई तिकडून घडाघडा बोलायची. आपण सगळे मध्येच बंद करतो. मावशी ती बाई गप्प होईपर्यंत ऐकायची. मिनिटभरात तिकडून बंद झालं की मोबाईल पिशवीत ठेवायची. कोणी खरं माणूस असलं तर हॅलो हॅलो करून वैतागायचं. विलास तर एकदा दुसऱ्याच्या फोनवरून लावून ओरडला होता, काकी, मी आहो, बोलून काऊन नाही राहिली. कौसाबाई म्हणाली, हिला आता ऐकू येत नाही वाटते.

दिवाळीनंतर मी भावाकडे महिनाभर राहायला गेले, त्याच्या घरी बाळंतपण होतं. परत आले तेव्हा मावशीच्या दाराला कुलूप होतं. छातीत दुखलं म्हणून विलास तिला अर्जुनीला घेऊन गेला होता, तिथेच ती गेली. मी विलासला मोबाईलचं विचारलं. तो म्हणाला, त्यातलं सगळं पुसून कोणाला तरी देऊन टाकला. कोणाकोणाचे फोन येऊन गेले असं विचारावंसं वाटलं, पण विचारून काय मिळणार होतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते भावाकडे निघाले त्या दिवशी. तिलाही डोळे दाखवायला गोंदियाला जायचं होतं, त्याच गाडीने. आम्ही दोघी बसस्टॉपवर उभ्या होतो. तिचा फोन वाजला. तिने पिशवीतून काढला, कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून थोडी बाजूला गेली. गाडी आली. मी चढले, तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली, पिशवी ठेवली, तिकीट काढलं. ती अजून तिथेच होती. कंडक्टर दारातून म्हणाला, बाई, येता का? तिने त्याच्याकडे न पाहता मोकळा हात वर केला आणि जा म्हणून हलवला. गाडी सुटली. मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं. ओठ मिटलेले होते. फोन तिने आता दोन्ही हातांनी धरला होता, आणि हळूहळू मान हलवत होती, जसं समोरचं माणूस काही लांबचं सांगत असतं आणि आपण हो हो करतो तशी. गाडी वळणावर गेली तोपर्यंत ती तशीच उभी होती.